कान, कानस आणि कागद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खामगावच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी नव्या चोपड्यांवर कुंकवाची स्वस्तिके उमटत. माझ्या मामांच्या गॅरेजात मात्र चोपडी नव्हतीच. उधारी तोंडी आणि जमा खिशात, असा त्यांचा हिशेब. मग पूजा कशाची करायची? हत्यारांची पूजा खंडेनवमीला होऊन गेलेली असे, तरी मामा दिवाळीलाही पुन्हा सगळे पाने, पकडी, हातोड्या रॉकेलने धूत, चिंध्यांनी पुसून लख्ख करीत आणि पाटावर ओळीने मांडीत. मधोमध एक हातभर लांबीची लोखंडी सळई असे. तिला पहिले कुंकू.

ती सळई कशासाठी, हे मला पुढे कळले. त्या पाटावर मागाहून दोन वस्तूंची भर पडली. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मोटार दुरुस्तीचे शिक्षण कसकसे बदलत गेले, ह्याचा सारा इतिहास मला त्या पाटावर मांडलेला दिसतो. फराळाचे ताट बाजूला सारून वाचकांनी थोडा वेळ ह्या तेलकट विषयाकडे यावे. हात खराब होणार नाहीत, ह्याची हमी मी देतो.

आपल्या जिल्ह्यात मोटारीचे महत्त्व का वाढले, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. आपल्या जिल्ह्यातून तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा सपाटीवरून सरळ निघून गेला. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आठ मैलांचा एक फाटा काढण्यात आला, तोही माणसांच्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. पण जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा पडले घाटावर. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही गावेही घाटावरचीच. त्या मुलखाला रेल्वे काही लाभली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या सरल्या. कचेरीचे काम असलेल्याने मलकापूरला गाडीतून उतरावे आणि पुढे दमणीतून किंवा टांग्यातून राजूरचा घाट चढावा, असा जुना परिपाठ होता. मोटार आली आणि तिने ही मधली वाट पकडली. चढावर इंजिन तापे, उतारावर ब्रेक तापत. जिथे घाट तिथे बिघाड, आणि जिथे बिघाड तिथे मिस्त्री आलाच.

हे मिस्त्री आले कुठून? मोटारीची विद्या शिकवणारी शाळा तर जिल्ह्यात नव्हती. पण खामगावात सरकीच्या जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस होते. वाफेच्या इंजिनावर आणि बॉयलरवर काम करणारे फिटर तिथे होते. माझ्या आजोबांनी, म्हणजे मामांच्या वडिलांनी, जन्मभर जिनातच फिटरकी केली. जिनाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळ्यापर्यंत चाले. पावसाळ्यात हातांना काम नसे. अशा रिकाम्या हातांपैकी काही मोटारीकडे वळले. सुतार-लोहारांची मुले वळली. आणखीही एक गोष्ट मला मोलाची वाटते. लोहारकी लोहाराची, सुतारकी सुताराची, अशी वाटणी गावगाड्यात ठरलेली होती. मोटार मात्र त्या वाटणीनंतर आली. ती कोणाच्याच वतनात नव्हती. ज्याला उस्तादाने जवळ केले, तो मिस्त्री झाला.

मामा १९४३ साली, तेराव्या वर्षी, एका उस्तादाच्या हाताखाली किन्नर म्हणून लागले. किन्नर म्हणजे मोटारीचा क्लीनर. त्या इंग्रजी शब्दाचे आपल्या लोकांनी हे असे देवलोकी रूप केले. उस्ताद बऱ्हाणपूरकडचे मुसलमान गृहस्थ. इंग्रजी अक्षर ओळखत नसत. इंजिन मात्र आंधारात ओळखत. महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोलवर नियंत्रण आल्याने पुष्कळ मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या मागे एक उभे पिंप बसवलेले असे. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, पंख्याने फुंकायचा, निघालेला वायू गाळून इंजिनात सोडायचा. असे केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू होण्याचा विचार करी. पेट्रोलच्या मानाने ताकद कमी. त्यामुळे घाट आला की उतारूंनी खाली उतरून चालायचे, हे ठरलेले. मामा सांगत, “आमी पैले वर्षभर मोटार नाई शिकलो. शेगडी फुकाले शिकलो.”

उस्तादाच्या शाळेत फी नव्हती आणि पगारही नव्हता. दोन वेळचे जेवण, दिवाळीला एक सदरा-पायजमा, आणि चूक झाली की पाठीत धपाटा. पहिले वर्ष सुटे भाग रॉकेलने धुण्यात आणि मागितलेला पाना हातात देण्यात जाई. दुसऱ्या वर्षी पंक्चर, मग स्प्रिंगचे पाटे, ग्रीस, ब्रेक. इंजिनाला हात लागायला चौथे वर्ष उजाडे. ह्या सगळ्या काळात शिष्याने शिकायचे ते मुख्यतः कानाने. लोखंडी सळईचे एक टोक चालू इंजिनावर टेकवावे, दुसरे टोक कानाशी धरावे. डॉक्टरला नळीतून छाती ऐकू येते तसे इंजिनाचे पोट ऐकू येते. पूजेच्या पाटावरची सळई ती हीच. उस्ताद विचारीत, “पोट्ट्या, गाडी काय म्हन्ते?” उत्तर चुकले की पुन्हा शेगडी.

पण एक गोष्ट उस्ताद शिकवीत नसत. प्लगच्या तारा जोडण्याची वेळ आली की ते मामांना चहा आणायला पिटाळीत. सहा सिलिंडरांच्या इंजिनात ठिणग्या ओळीने पडत नाहीत. एक विशिष्ट क्रम असतो. तो चुकला तर गाडी फटाक्यासारखी बार काढते, पण हलत नाही. पाच वर्षे मामांनी चहा आणला. मग उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तारा दिसेनाशा झाल्या, आणि एका दिवशी त्यांनी मामांना जवळ ओढून कानात सांगितले: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. मुंजीत बटूला मंत्र देतात, तसा. मामा तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्या दिवसापासून ते मिस्त्री झाले.

आता ह्याच काळात सरकारदरबारी काय चालले होते, ते पाहू. उमेदवारीचा पहिला कायदा आपल्याकडे १८५० सालचा. अनाथ आणि गरीब मुलांना धंद्याला लावून देता यावे, हा त्याचा हेतू. म्हणजे धंदा शिकणे ही शिक्षणाची नव्हे, दयाधर्माची बाब समजली जात होती. दुसऱ्या महायुद्धाने हा दृष्टिकोन बदलला. फौजेला मोटारी हव्यात, तर मोटारी सांभाळणारेही हवेत. म्हणून १९४० साली सरकारने कारागीर तयार करण्याची योजना काढली. युद्ध संपले. फौजेच्या शेवरोलेट, फोर्ड, जीप ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या आणि मुलखात मोटारी एकाएकी वाढल्या. सैन्यातून सुटलेल्या जवानांसाठी, आणि फाळणीनंतर निर्वासितांसाठी, प्रशिक्षण केंद्रे चालली. त्यांतूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि देशात सुमारे ५० संस्था निघाल्या. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. ज्यांना आपण आज आयटीआय म्हणतो, त्या ह्याच. पुढे १९६१ साली उमेदवारीचा नवा कायदा झाला. उमेदवाराला विद्यावेतन मिळू लागले आणि कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. १८५० चा अनाथ १९६१ साली विद्यार्थी झाला, असे म्हणायला हरकत नाही.

१९६१ चे आणखी एक महत्त्व आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ती मुंबई राज्याची एस.टी. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. इथली सरकारी मोटार-सेवा वेगळी. देऊळगावराजाच्या पलीकडे जालना, तो मुलूख निजामाचा. तिथे १९३२ साली निजामाच्या रेल्वेनेच २७ गाड्या आणि १६६ कामगार घेऊन मोटार-सेवा काढली होती. १९५६ च्या पुनर्रचनेने हे तीन मुलूख एका राज्यात आले, आणि १९६१ साली त्यांच्या तीन मोटार-सेवांचे मिळून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. तीन रीतींत वाढलेल्या मिस्त्र्यांना एका नियमात बसवायचे, तर काहीतरी समान माप हवेच. ते माप ठरले कागदाचे: प्रमाणपत्र.

आणि इथेच मामांचे गाडे अडले. त्या सुमारास एका सरकारी कारखान्यात मेकॅनिकच्या जागा निघाल्या होत्या. मामा नवे धोतर नेसून मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांनी विचारले, “शिक्षण कुठे झाले?” मामांनी उस्तादांचे नाव सांगितले. “प्रमाणपत्र?” मामांनी दोन्ही हात पुढे केले. अठरा वर्षांच्या ग्रीसने नखांच्या कडा काळ्या झालेल्या होत्या. साहेब भला माणूस असावा, तो हसला नाही. पण नियम तो नियम. हेल्परची जागा आहे, म्हणाला. जिथे आपण शिकवलेली पोरे मेकॅनिक, तिथे आपण हेल्पर! मामा नमस्कार करून परत आले. घरी त्यांनी ह्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मात्र १९६६ साली मी मॅट्रिक झालो, तेव्हा आईला त्यांनी बजावले, “ताई, याले आयटीआयत टाक. मोटार म्या शिकवतो, कागद तिथून आनू दे.”

वऱ्हाडातल्याच एका सरकारी संस्थेत मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला. मोठ्या उमेदीने गेलो, तर मोटार दूरच राहिली. हाती आली कानस. लोखंडाचा एक ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. घासून झाला की त्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरायचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड आले, फोड फुटले, रेघ काही मिटेना. सुटीत घरी आलो तेव्हा मामा खो खो हसले. “मोटार शिकाले गेला का खिळे कराले?” पण आमचे निदेशक म्हणत, “ज्याच्या हाताला सपाटी कळली, त्याच्या हाताला मोटार कळेल.” त्याचा अर्थ पुढे समजला. इंजिनाचे डोके ब्लॉकवर बसते तिथे केसाएवढी फट राहिली तरी गॅस्केट जळते. आणि ती फट डोळ्याला दिसण्याआधी सरावलेल्या हाताला लागते.

दुसऱ्या महिन्यात एक प्रसंग घडला, तो मी आजतागायत विसरलेलो नाही. निदेशकांनी फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले: १-५-३-६-२-४. पुढच्या सुटीत मी मामांना सहज म्हणून दाखवले. त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

“हे तुले कोनं सांगतलं?”

“फळ्यावर लिहिलं होतं.”

“साऱ्या पोट्ट्यायसमोर?”

“हो, सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पाच वर्षांचे चहा त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असतील. मग उठले, खडूचा तुकडा घेतला आणि गॅरेजच्या भिंतीवर तो क्रम लिहून काढला, आकडे थोडे वाकडे, पण ठळक. त्यानंतर आलेल्या एकाही किन्नराला त्यांनी तारा जोडताना चहाला पाठवले नाही. सरकारी योजनांचे अहवाल मी पुढे पुष्कळ पाहिले. पण त्या योजनेने काय केले, असे मला कोणी विचारले तर मी ती भिंत सांगतो.

म्हणून शाळा थोर आणि उस्ताद लहान, असे मात्र नव्हे. दोन गोष्टी सांगतो, म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही बाजू वाचकांपुढे येतील.

मामा टॅपेट कानाने बसवीत. झडप आणि तिला दाबणारा भाग ह्यांच्यात किंचित अंतर ठेवावे लागते, कारण तापल्यावर लोखंड वाढते. अंतर जास्त झाले तर टकटक आवाज येतो. म्हणून मामा आवाज पूर्ण थांबेपर्यंत ते कमी करीत. मी संस्थेतून शिकून आलो होतो फीलर गेज वापरायला. पातळ पोलादी पाती, प्रत्येकीवर तिची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात कोरलेली. मामांनी बसवलेली आठ टॅपेट मी मापली. दोन ठिकाणी पाते आतच जाईना. अंतर इतके कमी राहिले की तापल्यावर झडप पुरी मिटत नाही आणि तिची कड जळते. आणि गंमत अशी की ह्या चुकीचा आवाज येत नाही. कानाला जे निवांत वाटते, तेच इथे घातक. मामांनी ते पाते हातात घेऊन निरखले. त्या दिवाळीला पाटावर सळईशेजारी नवे कोरे फीलर गेज होते. ही पाटावरची पहिली भर.

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची. मलकापूर-बुलढाणा उतारू नेणारी एक जीप आली. चढावर ठकठक करते, अशी तक्रार. मी प्लग मापले, पॉइंट मापले, टॅपेट मापली, सगळे पुस्तकाप्रमाणे. जीप तशीच ठकठकत होती. मामांनी सळई कानाला लावली. मग लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगचा करंट तोडत गेले. तिसऱ्या प्लगला आवाज दबला. “तीन नंबरची बेअरिंग गेली. घाटात नेली असती तं दांडा ब्लॉक फोडून भाईर आला असता.” उघडून पाहिले, तर तसेच. घाटात, उतारूंनी भरलेल्या गाडीत, ते घडले असते तर? त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. माझ्या वहीत सगळी मापे होती. पण गाडी काय म्हणते, ते मी तिला विचारलेच नव्हते.

पुढे उमेदवारी करून मी स्वतःच निदेशक झालो आणि निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवले. त्या अवधीत धंद्याचे रूप किती पालटले! आधी पान्यांचेच पाहा. इंग्रजी व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा, अमेरिकी पान्यावरचा आकडा नटाच्या दोन बाजूंमधल्या अंतराचा. दोन्ही इंचांत, पण एकाचा पाना दुसऱ्याला चालेल तर शपथ. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून मालमोटारी काढल्या, तेव्हा मिलिमीटरचे पाने आले. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. पुढे कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे धूर-नियम लागू झाले आणि बिघाडाची तार संगणकाला जोडून वाचावी लागू लागली. आणि १ जून २०२२ रोजी, त्याच पुणे-नगर मार्गावर, एस.टी.ची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. तिला सिलिंडर नाहीत, प्लग नाहीत. म्हणजे एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा मंत्रच तिला लागू नाही! आयटीआयमध्ये आता विजेच्या वाहनांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. माझ्या शेवटच्या वर्षांत वर्गात मुलीही आल्या होत्या. त्यांच्या ठोकळ्यावरची उजेडाची रेघ मुलांच्या आधी मिटे, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

मग कान आणि कानस आता निरुपयोगी झाले काय? मला तसे वाटत नाही. संगणक सांगतो की अमुक ठिकाणचा करंट बिघडला. चाकाची बेअरिंग गुरगुरते आहे, हे तो बहुधा सांगत नाही. ब्रेक विजेच्या गाडीलाही आहेत, आणि राजूरचा घाट तिलाही उतरायचा आहे. चाकाचा नट आवळणाऱ्याला आत बसलेल्या माणसांची नावे माहीत नसतात, तरी त्यांचा जीव त्याच्या हातात असतो. हे भान फळ्यावर लिहिता येत नाही. ते उस्तादाशेजारी उभे राहूनच येते, मग तो उस्ताद गॅरेजातला असो वा संस्थेतला.

आणि कागद? त्याचेही सांगून टाकतो. २०१५ पासून सरकारने एक नवी सोय केली: ज्याने शाळेबाहेर काम शिकले, त्याच्या कामाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचे. पूर्वी आलेल्या विद्येची ही ओळख. मामा ती पाहायला राहिले नव्हते. पण त्यांचा शेवटचा किन्नर, आता नातवंडे असलेला, माझ्या आग्रहावरून परीक्षेला बसला. परीक्षकाने त्याला एक इंजिन दाखवून विचारले, “यात काय बिघाड आहे?” त्याने आधी सळई मागितली. सळई नव्हती, पेचकस कानाला लावून त्याने बिघाड सांगितला. कागद मिळाला. गॅरेज आता तोच चालवतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी गेलो, तेव्हा पाटावर सळई होती, फीलर गेज होते आणि शेजारी ते प्रमाणपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले, ग्रीस लागू नये म्हणून. कुंकवाचे पहिले बोट त्याने सळईलाच लावले, दुसरे कागदाला.

भिंतीवरचा मामांचा आकडा त्याने चुन्याखाली जाऊ दिलेला नाही. दर दिवाळीला भिंत रंगवतो, तेवढी जागा सोडून.

वाचकहो, ह्या पाडव्याला तुमच्या घरी नवी गाडी येईल, जुनीला झेंडूची माळ पडेल. जमल्यास कोपऱ्यावरच्या मिस्त्र्याला फराळाचे दोन लाडू नेऊन द्या, आणि त्याचा उस्ताद कोण, एवढे विचारा. तो हात पुसून सांगू लागेल. घाईत असाल तरी ऐका.